भाड्याच्या घराला वाळवी : खर्च कुणाचा?

प्रश्न : पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये चौकटींना वाळवी लागली आहे, पलंगात ढेकूण झाले आहेत. घरमालक म्हणतात, पेस्ट कंट्रोल तुमचं तुम्ही करा. कायदा काय सांगतो?

उत्तर : चौकटीवर मातीच्या बारीक नळ्या दिसत असतील आणि लाकूड ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, तर ती इमारतीची दुरुस्ती आहे. तो खर्च भाडेकरूच्या गळ्यात मारणं अन्यायाचंच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 14 नुसार घर सुस्थितीत ठेवणं मालकाचं काम. नोटीस देऊन 15 दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच.

ढेकणांचं तसं नाही. कायद्यात त्यांचा उल्लेख नाही. ते आधीपासून होते की सामानातून आले, यावर सगळं ठरतं.

आणखी एक अडचण आहे. शहरांत बहुतेक घरं ‘लिव्ह अँड लायसन्स’वर दिली जातात. असा राहणारा कायद्याने ‘भाडेकरू’ नसतो, त्यामुळे त्याचा मुख्य आधार करारच.

म्हणून सही करण्याआधी गादीच्या शिवणी, ओट्याखालचे कप्पे पाहा, फोटो काढा आणि पेस्ट कंट्रोलचा खर्च कोण करणार हे करारात लिहून घ्या.