आधी मेकॅनिक की आधी डॉक्टर?

प्रश्न : माझं वय ४७. आठवड्यातून तीन-चारदा सायकलवर यवतेश्वरचा घाट चढतो. सायकल हायब्रीड आहे, पुढे तीन आणि मागे आठ गिअर. पावसाळ्यानंतर मागचे सगळ्यांत हलके दोन गिअर पडतच नाहीत. पडलेच तर खटखट आवाज येतो आणि चेन आपोआप खाली उतरते. त्यात महिनाभरापासून उजव्या गुडघ्याच्या वाटीशी दुखतं, जिना उतरताना जास्त. घरचे म्हणतात, सायकल विकून टाका. आधी मेकॅनिककडे जाऊ की डॉक्टरकडे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सायकल विकू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून आधी मेकॅनिककडे जा. गुडघ्याचं दुखणं गिअरमधूनच उपजलं असण्याची शक्यता बरीच आहे.

थोडा हिशेब करू. पुढची मधली चकती ३८ दात्यांची आणि मागच्या सगळ्यांत मोठ्या तीन चकत्या २४, २८ आणि ३२ दात्यांच्या, असं धरू. अशा सायकलींवर साधारण हेच आकडे असतात. घाटात तुमचा वेग ताशी ९ किलोमीटर असेल, तर ३२ च्या चकतीवर मिनिटाला सुमारे ६० पॅडल पडतात. मागचे दोन गिअर गेले की तुम्ही २४ वर अडकता आणि त्याच वेगाला पॅडल पडतात ४५. चढ तोच, वजन तेच, पॅडल मात्र कमी. म्हणजे प्रत्येक पॅडलला एक तृतीयांश जोर जास्त. अर्ध्या तासाच्या चढात एकेका पायाला असा जोर साडेतेराशे वेळा लावावा लागतो. गुडघा वाकलेला असताना मांडीचा स्नायू जितका जोरात ओढेल, तितकी वाटी मागच्या हाडावर दाबली जाते. जिना उतरतानाही हेच घडतं, म्हणून तिथे दुखणं जाणवतं.

आता गिअर का पडत नाही ते पाहू. शिफ्टरचा एक ‘टक’ वाजला की वायर ठरावीक मापानेच ओढली जाते आणि डिरेलर चेनला शेजारच्या चकतीवर नेतो. आठ गिअरच्या सायकलीत दोन चकत्यांमधलं अंतर जेमतेम ४.८ मिलिमीटर असतं. त्यामुळे वायर अर्धा मिलिमीटर ढिली पडली तरी चेन दोन चकत्यांच्या मध्ये घुटमळते. तुम्हाला ऐकू येणारी खटखट ती हीच. मोठ्या चकतीकडे चेन वायर ओढते, लहान चकतीकडे स्प्रिंग नेते. चेन फक्त मोठ्या चकतीवर चढताना अडत असेल, तर वायर ढिली आहे. वर जाताना आणि खाली येतानाही रखडत असेल, तर आउटरमध्ये, म्हणजे वायरवरच्या नळीत, गंज किंवा चिखल आहे. तुमची तक्रार पावसाळ्यानंतर सुरू झाली, म्हणून माझा संशय दुसऱ्या कारणावर जास्त आहे. मागच्या चाकाजवळ आउटरचा जो शेवटचा वळसा असतो, त्यात पाणी साचून राहतं. मेकॅनिकला वायर डिरेलरपासून सोडवून हाताने मागे-पुढे सरकवायला सांगा. खरखर लागली, तर वायर आणि आउटर दोन्ही बदला. आउटर गिअरचीच घ्या. ब्रेकची आउटर बाहेरून तशीच दिसते, पण आतली वीण वेगळी असल्यामुळे दाबली जाते आणि गिअर कधीच नेमका बसत नाही.

वायर नुसती ढिली असेल, तर काम घरीही होतं. डिरेलरमध्ये आउटर शिरते तिथे बोटांनी फिरणारा एक गोल नट असतो. सायकलच्या मागे उभे राहून तो डावीकडे पाव फेरा फिरवा, गिअर टाकून पाहा, गरज पडली तर आणखी पाव फेरा. डिरेलरवरच्या दोन छोट्या स्क्रूंना मात्र हात लावू नका. चेनने दोन्ही टोकांना कुठवर जायचं, एवढंच ते ठरवतात. घाईतला मेकॅनिक आधी तेच पिळतो. आतला स्क्रू जास्त ढिला झाला, तर चेन थेट आऱ्यांत जाते.

सायकल अलीकडे उजव्या बाजूला पडली होती का, तेही आठवून पाहा. डिरेलर ज्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याला टांगलेला असतो, तो हँगर मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, फ्रेम वाचावी म्हणून. मागून पाहिल्यावर डिरेलरच्या दोन लहान चकत्या वरच्या चकतीशी सरळ रेषेत दिसत नसतील, तर हँगर वाकलाय. मग वायर कितीही ओढा, गिअर बसणार नाही.

गुडघ्याचं दुसरं कारण सीट. सिग्नलला दोन्ही पाय टेकावेत म्हणून आपल्याकडे सीट सर्रास खाली ठेवतात. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं असतं, बसून राहायचंच नसतं! सीट खाली असली की गुडघा फार वाकलेला राहतो आणि पुढच्या बाजूने दुखतो. फार वर असली, तर मागून दुखतो आणि खुबे डावी-उजवीकडे हलतात. भिंतीला टेकून सायकलवर बसा, टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल सगळ्यांत खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात थोडा बाक राहतो, तोच हवा. सीट वर करायची ती एका वेळी पाच मिलिमीटर, आणि सीटच्या दांड्यावरची शेवटची खूण ओलांडायची नाही.

पुढची लहान चकती तुम्ही वापरता का? पत्रात उल्लेख नाही. ती वापरणं म्हणजे हरणं, असं मानणारे पुष्कळ आहेत. पुढे २८ आणि मागे ३२ ठेवलं, तर त्याच वेगाला मिनिटाला ८० पॅडल पडतील. गिअर चढ सुरू होण्याआधीच टाका. चढावर बदलावाच लागला, तर क्षणभर पायाचा जोर कमी करा.

आता डॉक्टर. गुडघा सुजला असेल, गरम लागत असेल, मध्येच अडकत किंवा निसटत असेल, पडल्यावर दुखायला लागला असेल किंवा रात्री झोपेत दुखत असेल, तर मेकॅनिकची वाट न पाहता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. यातलं काही नसेल, तर सायकल नीट करा आणि दोन-तीन आठवडे घाट सोडून सपाट रस्त्यावर हलक्या गिअरमध्ये चालवा. वेदनाशामक गोळी घेऊन घाट चढू नका. इतकं करूनही दुखणं हटलं नाही, तर डॉक्टरकडे जा. जाताना सीट किती वर केली आणि कोणत्या गिअरवर चढत होतात, ते लिहून न्या. आम्हालाही कळवा.