विषाणूचे चित्र कसे तयार होते?

‘डॉक्टर, रक्तात व्हायरस दिसला का हो?’ तापाची साथ आली की हा प्रश्न रोज कोणी ना कोणी विचारतोच. तो आपल्या लॅबमध्ये दिसत नाही. मलेरियाचे परजीवी, क्षयाचे जंतू रंग देऊन साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. क्षयाचा जंतू दोन ते चार मायक्रॉन लांब असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. प्रकाशावर चालणाऱ्या यंत्राची नजर साधारण एका मायक्रॉनच्या पाचव्या भागापाशी थांबते आणि बहुतेक विषाणू त्याहून लहान असतात.

तेथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तो आहे. ३० जानेवारी २०२० रोजी केरळात देशातील पहिला कोरोना रुग्ण आढळला. त्या रुग्णाच्या घशातील स्रावात संस्थेतील शास्त्रज्ञांना विषाणूचे मोजून सात कण दिसले, सरासरी ७० ते ८० नॅनोमीटरचे. मार्चमध्ये ते चित्र प्रसिद्ध झाले. आपण सगळीकडे पाहिलेला लाल काट्यांचा चेंडू हे चित्रकाराचे काम. खरा फोटो करडा आणि धूसर असतो.

मग काट्यांची बारीक घडण कशी कळली? इलेक्ट्रॉनचा झोत जोरात सोडला तर नाजूक प्रथिने जळतात. म्हणून नमुना क्षणात गोठवून मंद झोताखाली फोटो घेतात. त्यात मुंग्याच मुंग्या दिसतात, जुन्या टीव्हीवर अँटेना हलल्यावर दिसायच्या तशा. येथून पुढचे काम संगणकाचे. गड्ड्याच्या यात्रेत हरवलेल्या मुलाचे नाव कर्ण्यावर एकदा पुकारले तर गोंगाटात कळत नाही. पाच-दहा वेळा पुकारले की कळते, कारण गोंगाट दर वेळी निराळा, नाव मात्र तेच. तसे एकाच प्रथिनाचे हजारो अंधूक फोटो संगणक एकमेकांवर जुळवतो. कोणता कण कोणत्या कुशीवर पडला आहे हे ओळखून त्यांची गटवारी करतो आणि त्यातून त्रिमिती आकार उभा करतो. ही गणिती रीत अमेरिकेत जोआखिम फ्रँक यांनी १९७५ ते १९८६ या काळात बसवली. नमुना गोठवण्याची युक्ती स्वित्झर्लंडच्या दुबोशे यांची. इंग्लंडमधील हेंडरसन यांच्यासह तिघांना २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

मला सर्वांत पटली ती हेंडरसन यांनी २०१३ साली एका लेखात दिलेली ताकीद. नुसत्या मुंग्यांचे हजार फोटो घ्या, त्यात काहीही नाही. ते आइन्स्टाइनच्या फोटोशी जुळवायला संगणकाला सांगा आणि सरासरी काढा. समोर चक्क आइन्स्टाइन उभा राहतो! जे शोधायला सांगितले तेच सापडले. म्हणून आता फोटोंचे दोन ढीग करतात, दोन्हींची चित्रे स्वतंत्रपणे तयार करतात आणि ती किती जुळतात हे तपासतात.

वाचकहो, हा आइन्स्टाइन माझ्याही दवाखान्यात येऊन गेला आहे. वैद्यकीच्या सुरुवातीच्या वर्षांत तापाच्या एका मुलाची विडाल तपासणी किंचित पॉझिटिव्ह आली. साथ टायफॉइडची होती, त्यामुळे मला टायफॉइडच दिसला. ताप हटेना. चौथ्या दिवशी रक्ताची काच पाहिली तर मलेरिया! मूल वाचले, पण ते चार दिवस माझ्या हातून वाया गेले.

आपल्या भागात पूर्वीच्या संसर्गामुळे किंवा दुसऱ्याच तापामुळेही विडाल थोडी पॉझिटिव्ह येऊ शकते. एकाच रिपोर्टवर टायफॉइड ठरवू नये. शंका असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी रक्ताचे कल्चर करावे. थंडी वाजून ताप येत असेल तर मलेरियासाठी काच तपासावी. आणि विषाणूजन्य ताप असेल तर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, कितीही आग्रह केलात तरी.

रिपोर्ट जरूर घेऊन या, पण तो थोडा वेळ पाकिटातच राहू द्या. आधी ताप कधीपासून आहे ते सांगा आणि मला पोट तपासू द्या.