वेदगंगेचा पोहणारा दर्यात उतरतो तेव्हा

राजा, दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही सगळी भावंडं मालवणला येऊन दिवसभराची बोट ठरवणार, असं तुझ्या आईकडून कळलं. 'आरमार' अशी थीम, डोक्याला फेटे, बोटीला भगवे झेंडे, सिंधुदुर्ग, डॉल्फिन आणि मधे दोन ठिकाणी पोहायला थांबा. बेत झकास आहे. माझं माहेर निपाणी आणि सासर मालवण, त्यामुळे दोन्हीकडची पाणी मी जाणते, आणि दोन्हीकडची माणसंही. खरं सांगू? तुम्हाला पोहता येतं, हीच माझी काळजी. न पोहणारा बोटीची कड धरून बसतो. पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेला, यमगर्णीला वेदगंगेत सूर मारलेला आणि बेळगावच्या तलावात फेऱ्या मारणारा मात्र बोट थांबायच्या आत सदरा काढतो. म्हणून हे लिहून ठेवते. फोनवर अर्धं ऐकून "हो आत्या, हो आत्या" करतोस, ते मला माहीत आहे.

१. तारीख ठरवण्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय बघ. लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे ऐन उधाणात. त्यापेक्षा पुढची अष्टमी-नवमी धर – तेव्हा भांगाची भरती असते, पाण्याला ओढ कमी आणि गढूळपणाही कमी.

२. भरतीची वेळ काढायला इकडचे जुने लोक तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवसाचा अंदाज येतो – आणि ज्याला अंदाज आहे तो तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, नेमका प्रश्न विचारू शकतो.

३. सकाळी लवकर निघा, दुपारी जेवायला किनाऱ्यावर या. पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो आणि पाणी शांत असतं. ऊन चढलं की दर्याकडून खारा वारा सुटतो आणि लाटा उठतात – 'सकाळचा दर्या पाहुण्याचा, दुपारचा दर्या कोळ्याचा.'

४. पुढं कधी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कुणी "चला, नेतो" म्हणालं तर जाऊ नकोस. 26 मे ते 31 ऑगस्ट प्रवासी बोटी बंद असतात – त्याला कारण आहे.

५. आदल्या संध्याकाळीच पोचा. बेळगावची मंडळी वेंगुर्ला रोडनं चंदगडवरून येणार, निपाणीची गडहिंग्लज-आजऱ्यावरून, आणि आंबोलीचा घाट दोघांच्याही वाट्याला – रात्रभर वळणं खाऊन आलेलं पोट सकाळी बोटीत टिकत नाही.

६. सकाळी हलकं खा, उपाशी राहू नका. इडली, घावणे, केळं चालेल; तळलेल्या पुऱ्या आणि तो कुंद्याचा डबा परत आल्यावर – 'रिकामं पोट ढवळतं, भरलेलं पोट उसळतं.'

७. ज्याला गाडी लागते त्याला बोटही लागते. त्यानं मधोमध, थोडं मागं बसावं, नजर दूर क्षितिजावर ठेवावी, मोबाईलमध्ये डोकं घालू नये, तोंडात आलेपाकाची वडी धरावी. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि निघण्याआधीच – उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात राहतच नाही.

आता तुमची थीम. मला ती मनापासून आवडली. ज्या किल्ल्याला तुम्ही वळसा घालणार, त्याची पायाभरणी 1664 साली झाली, कुरटे बेटावर. आणि खाऱ्या पाण्यानं वेढलेल्या त्या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. तिथं उभं राहून आरमाराची गोष्ट लहानांना सांग, मोबाईलवर दाखवू नकोस. थीमची चार पथ्यं तेवढी पाळा.

८. सगळ्यांना एकसारखे शर्ट शिवणार असाल तर भगवे किंवा पोपटी घ्या, निळे-पांढरे नकोत – पाण्यात निळा शर्ट दिसत नाही, पांढरा लाटेच्या फेसात हरवतो, भगवा लांबून ओळखू येतो. महाराजांचा झेंडा इथंही उपयोगी पडला बघ.

९. फेटा, झब्बा, नऊवारी हे सगळं किल्ल्यावर फोटोसाठी. पाण्यात उतरण्याआधी काढून पिशवीत घाला – भिजलेली नऊवारी पायाला गुंडाळते, आणि पाय अडकला की चांगला पोहणाराही बुडतो.

१०. मंगळसूत्र, अंगठ्या, कानातले घरी. पाण्यात बोटं आखडतात आणि अंगठी निसटते – वाळूत गेलेलं सोनं परत मिळत नाही, आणि ते शोधायला माणूस बुडी मारतो, ते जास्त वाईट.

११. प्लास्टिकच्या तलवारी, फुगे, कागदी चमकी नको. इथलं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे, खाली प्रवाळ आहे – तुमचा सण एक दिवसाचा, कचरा प्रवाळाच्या घरात कायमचा. गुटख्याच्या पुड्यांबद्दल निपाणीकरांना मी वेगळं काही सांगत नाही, सगळ्यांना समजलंय.

१२. थीम झाली, आता बोट. ती बघताना रंग आणि स्पीकर बघू नकोस. नोंदणीचा नंबर, किती माणसांची परवानगी, तितकी जाकिटं आणि वर चढायला शिडी आहे का, ते बघ – शिडी नसेल तर पोहून दमलेल्या माणसाला वर ओढताना बोट एका अंगाला कलते.

१३. पैशाची घासाघीस खुशाल कर, जेवण-फोटोचे वेगळे किती तेही आधी ठरव. पण "अजून दोघं बसतील की" हे तुझ्या तोंडून येऊ देऊ नकोस – भाव कमी करायचा, माणसं वाढवायची नाहीत.

१४. जाकीट अंगात घालून सगळे बंद लावा. मग दुसऱ्यानं खांद्याला धरून वर ओढून बघावं. हनुवटीपर्यंत आलं तर ढिलं आहे. लहानांना लहान मापाचंच, पायांमधून जाणारा पट्टा असलेलं – मोठ्या जाकिटातून पोर खाली सटकतं आणि जाकीट तेवढं वर तरंगतं.

१५. परतीच्या वाटेवर जाकीट काढायचं नाही. उकडतं, खाजतं, फोटो झालेले असतात, सगळं मला समजतं. पण जानेवारी 2019 मध्ये कारवारजवळ कुर्मगडच्या जत्रेची बोट उलटून 16 माणसं गेली, आणि मे 2022 मध्ये तारकर्लीला स्कूबा करून येणारी बोट उलटून दोघं गेले. दोन्ही बोटी परत येत होत्या – किनारा दिसायला लागला की माणूस सैल होतो, आणि पाणी तेवढंच खोल असतं.

१६. पोहायच्या थांब्यावर प्रत्येक वेळी एक मोठं माणूस बोटीत कोरडं बसवा, पाळीपाळीनं. त्याचं काम एकच, डोकी मोजत राहायचं. फोन हातात नाही, रील नाही – पाण्यातला माणूस दुसऱ्याला मोजू शकत नाही.

१७. पाण्यात जोडीनं उतरा, जोडीनं वर या. जोडी आधी ठरवा आणि एका पट्टीच्या पोहणाऱ्याबरोबर एक कच्चा द्या – दोन पट्टीचे एकत्र दिले की ते शर्यत लावतात.

१८. इंजिन बंद झालं, नांगर लागला आणि तांडेल "उतरा" म्हणाला, या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय पाय ओला करायचा नाही. बोटीच्या मागच्या अंगाला कधीच जायचं नाही – तिथं पंखा असतो.

१९. सूर नाही, उडी नाही; शिडीनं उतरा. विहिरीचा तळ तुम्हाला पाठ असतो, इथं दोन हातांवर खडक आणि त्यावर कालवं – कालवाची कड पात्यासारखी कापते, म्हणून पायात जुने कॅनव्हासचे बूट किंवा पट्ट्याच्या सँडल घाला.

२०. हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून सावकाश वाच. उतरण्याआधी पाण्यावर सुकं पान नाहीतर थोडे चुरमुरे टाक आणि ते कुठं वाहतात ते बघ. तीच ओढीची दिशा. आधी ओढीच्या विरुद्ध पोहायचं, येताना तिच्याबरोबर यायचं. ओढीबरोबर पोहत गेलास तर आपण फार जोरात पोहतोय असं वाटतं, आणि मागं वळून बघतोस तर बोट लांब. मग दमलेल्या हातांनी उलटं यायचं – तिथंच जीव जातो. खारं पाणी अंगाला वर उचलतं, नदीपेक्षा तरंगायला सोपं जातं, त्यानं हिंमत आणखी वाढते. नदीत ओढ डोळ्यांना दिसते, दर्यात ती वरून दिसत नाही.

२१. तांडेलाला सांगून बोटीमागे लांब दोरी सोडून घे, टोकाला बोया किंवा रिकामा कॅन बांधून. कुणी मागं वाहत गेला तरी त्याच्या हाताला काहीतरी लागतं.

२२. दम लागला तर पाठीवर हो, एक हात वर कर आणि थांब. ओरडू नकोस, हातपाय मारू नकोस – जाकीट तुला धरून आहे, तू फक्त त्याला काम करू दे.

२३. नळीचा चष्मा आधी कमरेएवढ्या पाण्यात लावून बघा, तोंडानं श्वास घ्यायची सवय होऊ दे. "कोण जास्त वेळ खाली राहतो" हा खेळ बंद – श्वास कोंडून माणूस पाण्यात आवाज न करता बेशुद्ध होतो, शेजारच्यालाही कळत नाही.

२४. देवबागला कर्लीची खाडी दर्याला मिळते, त्या संगमावर पोहायचं नाही, गुडघाभर दिसलं तरी. त्सुनामी बेटावर उतरलात तर पाण्याकडे पाठ करून बसू नका – तो वाळूचा पट्टा आहे, भरतीला आक्रसत जातो.

२५. डॉल्फिन दिसले की तांडेलाला "जवळ घ्या, जवळ घ्या" करू नका. इंजिन हळू ठेवून लांबून बघा – पाठलाग केला की ते बुडी मारतात, आणि सगळी माणसं एका बाजूला धावली की बोट कलते.

२६. जेलीफिश लागली तर चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही. समुद्राच्याच पाण्यानं धुवायचं, चिकटलेले धागे चिमट्यानं काढायचे, मग सोसवेल तेवढ्या गरम पाण्याचा शेक. श्वास लागला किंवा अंग सुजलं तर थेट दवाखाना. उथळ वाळूत पाय उचलून टाकू नका, घासत चाला – पाकट वाळूत दडून बसतो, चाहूल लागली की आपणहून सरकतो.

२७. दारू बोटीत चढता कामा नये, कुणाच्याही बाटलीत, कुठल्याही नावानं. याला मी कारण देत बसणार नाही.

२८. पाणी माणशी दोन लिटर, बरोबर लिंबू-मीठ-साखर. पाण्यात असताना घाम कळत नाही – संध्याकाळी डोकं धरून बसतात त्यांतले निम्मे तहानेलेले असतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मानेवर पंचा, हे खोबरेल तेलापेक्षा बरं.

२९. बोटीचं झालं की पोरं किनाऱ्यावर परत पाण्यात घुसतात, आणि तिथं जाकीट नसतं, तांडेलही नसतो. 15 एप्रिल 2017 ला वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या आठ जणांचा जीव गेला. बहुतेक तुझ्याएवढीच मुलं होती ती. स्थानिक माणूस "इथं नको" म्हणाला की तिथं नको, वाद नाही. आणि कधी ओढीत सापडलास तर किनाऱ्याकडे झुंजू नकोस, किनाऱ्याला समांतर आडवा पोहत जा – ओढीचा पट्टा अरुंद असतो, त्यातून बाहेर पडलं की लाटाच तुला आत आणतात.

३०. दर्यात दिवस घालवलेल्या माणसानं त्याच रात्री घाट चढायला गाडी घ्यायची नाही. अंग मऊ पडतं, डोळे मिटतात, आणि आंबोलीत धुकं कधी उतरेल सांगता येत नाही. गाडीची किल्ली त्या दिवशी पाण्यात न उतरणाऱ्याकडे द्या. नाहीतर आमच्याकडे मुक्काम करा, ओटी मोठी आहे.

आणि हे आत्ताच कर, नंतर नको. तटरक्षक दलाचा 1554 आणि तातडीचा 112, हे दोन्ही नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये घाला, फोन गळ्यात अडकवायच्या पाणबंद पिशवीत ठेवा. बोटीचा नंबर, माणसं किती आणि परत यायची वेळ, एवढं मला निघण्याआधी कळव. वेळेवर आला नाहीत तर मी जेटीवर जाऊन विचारणार, मग चारचौघांत आत्यानं लाज आणली म्हणायचं नाही. तिथी बघून तारीख पक्की झाली की फोन कर. ओळखीच्या तांडेलाला मीच आधी सांगून ठेवते.