हुंकार देणारा वाचक : मुलांच्या लेखनाला अभिप्राय कसे मिळवावेत?



रात्री गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याने मधून मधून 'हं' म्हणायचं, असा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. हुंकार थांबला की सांगणारा समजतो, ऐकणारा झोपला. मग गोष्टही तिथेच थांबते.

लेखनाचंही असंच आहे. भित्तीपत्रक, हस्तलिखित, प्रकल्पवही, दैनंदिनी यांतून आपण मुलांना लिहितं करतो. पण लिहिलेलं वाचून कोणी काही म्हणतं का? भित्तीपत्रक महिनाभर व्हरांड्यात लटकतं, रंग उडतो, मग दुसरं लागतं. वहीवर पालकांची सही येते, खाली 'छान' किंवा 'वाचले' एवढंच. पालकांच्या गटावर फोटो टाकला तर अंगठ्याचं चित्र येतं. दोन-तीन वेळा असं झालं की मूल मनात ठरवतं, लिहायचं ते फक्त बाईंसाठी आणि तेही सांगितलं तरच. म्हणून वाचकाचा अभिप्राय मिळवणं हा लेखन शिकवण्याचाच एक भाग आहे, असं माझं मत आहे. या लेखात त्याचे काही साधे मार्ग पाहू.

अभिप्राय का येत नाहीत?

"पालकांना वेळ नाही, वाचनाची आवडच राहिली नाही," असं आपण पटकन म्हणतो. ते काही अंशी खरं असेलही. पण नीट पाहिलं तर तीन कारणं जास्त आढळतात.

१) काय लिहायचं तेच कळत नाही. 'आपला अभिप्राय लिहा' हा प्रश्न फार मोठा आहे. त्यापुढे शिकलेला माणूससुद्धा 'उपक्रम स्तुत्य आहे' एवढं लिहून मोकळा होतो.

२) चुकण्याची भीती वाटते. शाळेच्या वहीत लिहायचं म्हणजे गुरुजी-बाई ते वाचणार. आपलं अक्षर, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर? त्यापेक्षा सही केलेली बरी.

३) लिहून पुढे काही होत नाही. मागच्या वेळी लिहिलं, त्याचं कोणी नावही काढलं नाही. मग यावेळी कशाला लिहायचं?

या तिन्ही कारणांवर शाळेला काम करता येतं आणि त्याला पैसे लागत नाहीत.

पहिली गोष्ट : प्रश्न छोटा करा

एक नमुना घेऊ. समजा, चौथीतल्या मुलीने 'आमची शेळी' या विषयावर लिहिलं आहे :

'आमची शेळी काळी आहे. तिला दोन करडं झाली. एक करडू दूध पीत नव्हतं. आईने त्याला बाटलीने दूध पाजलं. मी त्याला पोत्यावर झोपवलं.'

याखाली 'पालकांचा अभिप्राय' असा चौकोन आखला तर त्यात 'छान' येईल. त्याऐवजी असा एकच प्रश्न लिहून पहा :

- कोणतं वाक्य वाचून चित्र डोळ्यांसमोर आलं?
- तुमच्या लहानपणी घरी कोणतं जनावर होतं? त्याचं नाव काय होतं?
- आजारी करडाला तुमच्याकडे काय देतात?
- पुढे काय झालं असेल असं वाटतं?

दुसरा आणि तिसरा प्रश्न वाचून शेतात राबणारा बाबा पेन हातात घेतो, कारण त्यातलं त्याला शिक्षकापेक्षा जास्त कळतं. आपण त्याला परीक्षक होण्याऐवजी जाणकार होण्याचं निमंत्रण देतो. एका वेळी एकच प्रश्न ठेवा. पाच प्रश्न दिले की तो अर्ज होतो, आणि अर्ज भरायला कोणालाच आवडत नाही.

प्रश्न शिक्षकाने न लिहिता लेखन करणाऱ्या मुलानेच लिहिला तर फारच छान. 'मला हे विचारायचं आहे' अशी ओळ मूल आपल्या लेखनाखाली लिहील. आपण कोणासाठी लिहितोय याचा विचार तिथून सुरू होतो.

दुसरी गोष्ट : लाल पेन बाजूला ठेवा

पालकांनी किंवा इतर मुलांनी लिहिलेल्या अभिप्रायात शुद्धलेखनाच्या खुणा करू नयेत. कौतुकानेसुद्धा नको. एकदा गोल केला की ते घर पुढे वर्षभर सहीवरच भागवतं.

भाषेचंही तसंच. कुठे शेळी म्हणतात, कुठे बकरी. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा घरात जी बोली असेल, तीत लिहिलेला अभिप्राय तसाच भिंतीवर लावा. एखादा शब्द वर्गाला कळला नाही तर ज्याच्या घरचा तो शब्द आहे, त्या मुलाला अर्थ सांगायला उभं करा. एरवी गप्प बसणारं मूल त्या दिवशी वर्गाचा शिक्षक होतं.

तिसरी गोष्ट : लिहिता न येणारे वाचक

आपल्या वर्गातले कितीतरी आजी-आजोबा लिहू शकत नाहीत, पण ऐकू शकतात. मुलाने घरी लेखन वाचून दाखवायचं, ऐकणारा जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं आणि खाली 'आजीने सांगितले' असं टिपायचं. यात प्रकट वाचन, श्रवण आणि श्रुतलेखन तिन्ही होतं. वेगळा गृहपाठ द्यावा लागत नाही.

ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास आईवडील गाव सोडतात आणि मुलं आजीजवळ राहतात, अशा शाळांत हे फोनवरही करता येतं. मूल पाच ओळी वाचून दाखवतं, तिकडून आई दोन वाक्यं बोलते, मूल ती लिहून घेतं. त्या दोन वाक्यांची किंमत गुणपत्रकावर दिसणार नाही, पण ते मूल पुढच्या आठवड्यात स्वतःहून लिहायला बसण्याची शक्यता वाढते.

चौथी गोष्ट : अभिप्राय लिहायला शिकवा

वाचक म्हणून प्रतिसाद देणं आपोआप येत नाही. पत्रलेखन शिकवतो तसं तेही शिकवावं लागतं. तिसरी ते पाचवीसाठी एका तासिकेचा पाठ असा घेता येईल :

१) फळ्यावर वरचा शेळीचा उतारा लिहा. दोन मुलांनी मोठ्याने वाचावा.

२) त्याखाली तीन अभिप्राय लिहा : 'खूप छान लिहिलेस.' 'अक्षर सुधार.' 'करडाला पोत्यावर झोपवलं ते मला आवडलं. त्याला थंडी वाजत होती का?'

३) विचारा : तू ही शेळीवाली मुलगी असतीस तर कोणता अभिप्राय वाचून पुन्हा लिहावंसं वाटलं असतं? का? मुलं बहुधा तिसरा निवडतील. कारण त्यांच्याच तोंडून येऊ द्या : 'त्यानं खरंच वाचलंय म्हणून.'

४) आता तीन ओळींचा साचा द्या. एक, मला आवडलेली एक गोष्ट. दोन, मला पडलेला एक प्रश्न. तीन, मला आठवलेलं माझं काहीतरी.

५) जोडीत वह्या बदलून प्रत्येकाने तीन ओळी लिहाव्यात. शेवटी वही मूळ लेखकाकडे द्यावी आणि त्याला शांतपणे वाचू द्यावं.

'आवडलं नाही' असं लिहिण्याचीही मुभा हवी. फक्त एक नियम ठेवा : बोलायचं ते लेखनाबद्दल, लिहिणाऱ्याबद्दल नाही. 'शेवट कळला नाही' चालेल. 'तुला लिहिता येत नाही' चालणार नाही. हा फरक चौथीत कळला तर मोठेपणीही कामाला येतो.

पाचवी गोष्ट : उत्तर द्या

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि राहूनही नेमकं हेच जातं. अभिप्राय आला की त्याचं काहीतरी झालेलं दिसलं पाहिजे.

'दूध न पिणाऱ्या करडाचं पुढे काय झालं?' असं कोणी विचारलं, तर त्या मुलीने त्याचं उत्तर लिहायचं. तेच तिचं पुढचं लेखन. विषय आपण शोधायची गरज नाही, वाचकाने तो दिला. भित्तीपत्रकाच्या एका कडेला 'वाचकांनी विचारले, आम्ही सांगितले' अशी पट्टी ठेवा. पालकसभेच्या सुरुवातीला दोन अभिप्राय वाचून दाखवा, लिहिणाऱ्यांना आधी विचारून. आपलं लिहिलेलं वाचलं गेलं हे कळलं की माणूस पुन्हा लिहितो, आणि शेजारच्यालाही वाटतं, आपणही लिहावं.

गुण आणि अभिप्राय एकत्र नकोत

याबाबत एक अभ्यास लक्षात ठेवण्यासारखा आहे. रूथ बटलर या संशोधक बाईंनी इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर तो केला आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. काही मुलांना त्यांच्या कामावर फक्त गुण दिले, काहींना फक्त अभिप्राय आणि काहींना दोन्ही. फक्त अभिप्राय मिळालेल्या मुलांचं काम आणि रस दोन्ही सरस राहिले. गुण आणि अभिप्राय दोन्ही मिळालेल्यांना मात्र अभिप्रायाचा तसा फायदा झाला नाही, ती मुलं फक्त गुण मिळालेल्यांसारखीच राहिली.

आपल्या वर्गात यामागचं कारण ओळखणं अवघड नाही. वही हातात येताच मूल आधी 'किती पडले?' ते पाहतं आणि शेजाऱ्याचे विचारतं. खालच्या दोन ओळी तशाच राहतात. म्हणून ज्या लेखनाला वाचकांचे अभिप्राय हवे आहेत, त्यावर गुण, श्रेणी, तारे काही नको.

वाचकाला जागा दिली की काय घडतं

गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या नावाने पत्रं लिहायला सुरुवात केली. तेव्हा ते पंचविशीत होते. जातिभेद, स्त्रियांची स्थिती, शिक्षण यांवर त्यांनी परखडपणे लिहिलं. ही १०८ पत्रं आज 'शतपत्रे' म्हणून ओळखली जातात. त्या साप्ताहिकातलं बाकीचं लेखन आज फारसं कोणाला आठवत नाही, पण पत्रं आठवतात. आपलं भित्तीपत्रक लहान आहे, पण कोपऱ्यातली एक जागा दुसऱ्याच्या म्हणण्यासाठी मोकळी ठेवणं आपल्यालाही जमेल.

हे मात्र टाळा

- जास्त अभिप्राय आणणाऱ्याला बक्षीस ठेवू नका. मुलं घरी मागे लागतील आणि 'छान, छान'चा ढीग येईल.
- अभिप्राय सक्तीचा करू नका. सक्तीने फक्त सह्या मिळतात.
- नेहमीच्या चार हुशार मुलांचंच लेखन लावू नका. ज्याचं मूल भिंतीवर नाही, तो पालक भिंतीपाशी थांबत नाही.
- टीका आली तर फाडू नका. 'अक्षर फार बारीक आहे, लांबून दिसत नाही' असं कोणी लिहिलं तर पुढचा अंक मोठ्या अक्षरात काढा आणि कोणाच्या सूचनेवरून काढला तेही लिहा.

सुरुवात कशी कराल?

या आठवड्यात एकाच मुलाचं पाच-सहा ओळींचं लेखन कार्डशीटवर लावा. खाली त्याचा एक प्रश्न. बाजूला चार कोऱ्या चिठ्ठ्या आणि सुतळीने बांधलेलं पेन. शाळा सुटताना मुलाला न्यायला येणारे जिथे उभे राहतात, तिथेच ते लावा, कार्यालयात नको. पहिल्या आठवड्यात एकच चिठ्ठी आली तरी पुरे आहे. त्या चिठ्ठीला मुलाने दिलेलं उत्तर शनिवारी तिच्या शेजारी लावा. सोमवारी दुसऱ्या मुलाचं लेखन.

पालकहो, तुमच्याकडेही एक मागणं आहे. आज रात्री पाल्याची वही उघडा. सही करण्याआधी त्यातलं एक वाक्य शोधा आणि त्याबद्दल त्याला एक प्रश्न विचारा. लिहून विचारलात तर उत्तम, तोंडी विचारलात तरी चालेल.