होकार आणि संमती

बेंगळूरमधील मल्लेश्वरम ही वसाहत १८९८ च्या प्लेगनंतर आकारास आली. दाट वस्तीतील लोकांना मोकळ्या जागी राहता यावे, हा तिच्यामागील हेतू होता. हीच साथ त्यापूर्वी, १८९६ मध्ये, मुंबईत उद्भवली होती. तेथे वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. तेव्हा स्वतःहून पुढे आलेल्या कैद्यांना लस टोचून, न टोचलेल्या कैद्यांशी त्यांची तुलना करण्यात आली. लस उपयुक्त ठरली.

तथापि येथे एक प्रश्न उद्भवतो. शास्त्रज्ञ स्वतःवर प्रयोग करतो, तेव्हा धोका तो जाणतो व नकारही देऊ शकतो. कैद्याची स्थिती तशी नसते. सवलतीच्या आशेने अथवा अधिकाऱ्याच्या धाकाने तो ‘होय’ म्हणण्याचा संभव असतो. अशा होकारास संमती म्हणता येत नाही.

स्वेच्छेने दिलेली संमती हे १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेचे पहिले तत्त्व होय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार धोका व लाभ त्या व्यक्तीस समजेल अशा भाषेत सांगावे लागतात. तिला केव्हाही माघार घेता येते. प्रयोगास नैतिकता समितीची मान्यता लागते. आणि कैद्यांसारख्या पराधीन व्यक्तींना विशेष संरक्षण द्यावे लागते. प्रयोग यशस्वी झाला, एवढ्याने तो न्याय्य ठरत नाही. ज्याच्यावर तो झाला त्याला निर्भयपणे ‘नाही’ म्हणता आले असते काय, हे पाहावे लागते.