नावाची उपाधी आणि देशाचे ऐक्य

व्यवहार नावावर चालतो. हाक मारायची तर नाव पाहिजे, पत्र धाडायचे तर नाव पाहिजे. म्हणून नाव वाईट असे शास्त्र कुठेच म्हणत नाही. परंतु नावाने माणूस ओळखला जातो की नावाखाली माणूस झाकला जातो, हा विचार साधकाने अवश्य केला पाहिजे. आज आपल्या देशात जातीची, भाषेची, प्रांताची नावे फार मोठ्याने उच्चारली जातात. काही सज्जन म्हणतात, ही सारी नावे पुसून टाका, म्हणजे देश एक होईल. दुसरे सज्जन म्हणतात, आमचे नाव हीच आमची पत. ते पुसले तर आम्हाला विचारतो कोण? दोघांच्याही म्हणण्यात सत्याचा अंश आहे, म्हणूनच प्रश्न अवघड झाला आहे. वारकऱ्याने त्याचा निर्णय कसा करावा, हे या लेखात पाहू.

शब्दविचार

पाठशाळेत वेदान्ताचा पाठ चालला असता गुरुजींनी आम्हाला तीन शब्द घोकून घ्यायला लावले होते: विशेषण, उपाधी आणि उपलक्षण. एक वस्तू दुसरीपासून वेगळी दाखवायची, हे तिघांचेही काम. पण काम करण्याची रीत तिघांची निराळी.

‘निळे कमळ’ म्हटले की निळेपणा कमळातच मुरलेला असतो. कमळ आणले की निळेपणाही आला. हे विशेषण. शुभ्र स्फटिकाजवळ जास्वंदीचे फूल ठेवले की स्फटिक तांबडा दिसतो. फूल जवळ आहे खरे, पण तांबडेपणा स्फटिकाचा नव्हे; फूल काढा, स्फटिक पहिल्यासारखाच शुभ्र. ही उपाधी. आणि कोणी विचारले, ‘देवदत्ताचे घर कोणते हो?’ तर आपण सांगतो, ‘तो कावळा बसलाय ना, तेच.’ घर कळले, कावळा उडून गेला. घराचे काही बिघडले नाही आणि पाहुणाही चुकला नाही. हे उपलक्षण.

आता प्रश्न असा, की जातीचे, भाषेचे, प्रांताचे नाव या तिघांपैकी कशात बसते? जो त्याला विशेषण समजतो, तो म्हणतो की गुण आणि दोष जन्मातच मुरलेले आहेत. जगातली बहुतेक भांडणे इथूनच सुरू होतात. विचारी मनुष्य त्याला उपाधी समजतो. आणि संतांनी व्यवहारात त्याला उपलक्षण केले: ओळख पटेपर्यंत कावळा, मग घर.

आमची चूक

हे सगळे आम्हाला तोंडपाठ होते. तरी एका म्हाताऱ्या वारकऱ्याने आमची परीक्षा घेतली आणि त्या परीक्षेत आम्ही नापास झालो. ते येथे सांगणे प्राप्त आहे.

एका गावी सप्ताहात आमचे कीर्तन होते. विषय संतांच्या समतेचा. नेहमीच्या रीतीप्रमाणे आम्ही मोठ्या आवेशाने नावे घेतली: गोरोबा कुंभार, सावतोबा माळी, नरहरी सोनार, नामदेव शिंपी, चोखोबा महार. टाळ्या पडल्या. कीर्तन झाले, आम्ही पाणी पीत बसलो होतो. एक म्हातारेबाबा पायाशी आले, नमस्कार केला आणि हळूच म्हणाले, ‘‘महाराज, समद्यांची जात सांगितलीत, लई ग्वाड वाटलं. पन ज्ञानोबारायांची न्हाई सांगितली. एकनाथ महाराजांची बी न्हाई. ती का वं ऱ्हायली?’’

आम्हाला उत्तर सुचेना. ज्ञानोबारायांना आम्ही त्यांच्या ग्रंथाने ओळखत होतो आणि चोखोबांना त्यांच्या जातीने. कीर्तन समतेचे, पण उभे राहण्याच्या जागा मात्र जुन्याच! बाबांनी आमच्यावर राग केला नाही. ते उठले, ‘रामकृष्णहरी’ म्हणाले आणि पंगतीला वाढायला गेले. त्या दिवसापासून कीर्तनात संताचे नाव घेताना आमची जीभ क्षणभर थांबते.

ही चूक आमच्या एकट्याची असती तर लिहिले नसते. हल्ली कीर्तनाचे आमंत्रण देण्याआधी ‘महाराज कोणत्या समाजाचे?’ अशी चौकशी होते. संतांची पुण्यतिथी ज्या त्या समाजाने करायची, दुसऱ्याने तिकडे फिरकायचे नाही, अशी वाटणी पुष्कळ ठिकाणी होऊन बसली आहे. तेरचे गोरोबा, अरणचे सावतोबा, मंगळवेढ्याचे चोखोबा, श्रीगोंद्याचे शेख महंमद ही सगळ्या वारकऱ्यांची वडिलोपार्जित इस्टेट. भावांनी भांडून घर वाटून घ्यावे तसे आपण देवाचे घर वाटून घेतले, आणि प्रत्येकाच्या हाती एकेक खोली आली.

नाव पक्के कसे होते

नाव आधी सैल असते. ते पक्के कधी होते हे इतिहासात पाहावे. जातिभेद इंग्रजांनी आणला असे म्हणणे खोटे आहे. चोखोबांना मंदिराबाहेर उभे करणारे कोणी परदेशातून आले नव्हते. परंतु इंग्रजी अमदानीत शिरगणती सुरू झाली आणि जात कागदावर चढली. १९०१ च्या शिरगणतीचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी जातींची उच्चनीच क्रमवारी लावण्याचा घाट घातला. त्याबरोबर ‘आमचा नंबर वर लावा’ असे अर्ज ठिकठिकाणच्या जातींकडून सरकारदरबारी येऊ लागले. शेजाऱ्याच्या वर बसण्यासाठी माणूस किती शाई खर्च करतो पाहा! सगळ्या जातींची अशी मोजणी १९३१ पर्यंत चालली. स्वातंत्र्यानंतर १९५१ पासून जनगणनेत केवळ अनुसूचित जाती आणि जमातींची नोंद राहिली. पुढच्या जनगणनेत पुन्हा सर्व जातींची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. म्हणून हा विचार आज पोथीतला राहिलेला नाही. तो घरोघर येणारा आहे.

कागदावरचे नाव कुठवर जाते याचा एक दूरदेशीचा दृष्टान्त घ्या. आफ्रिकेत रवांडा नावाचा लहान देश आहे. तेथे हुतू आणि तुत्सी असे दोन गट. भाषा एकच, डोंगर तेच, देवधर्मही एकमेकांत मिसळलेला. पूर्वी भेद नव्हता असे नाही, पण तो थोडासा लवचीक होता. १९३० नंतरच्या दशकात बेल्जियमच्या राजवटीने प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याचा गट लिहून टाकला. पुढे राजकारणाने त्यावर द्वेषाचे खतपाणी घातले आणि १९९४ साली सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसे मारली गेली. रस्त्यावर अडवून ओळखपत्र पाहायचे आणि त्यावरचा एक शब्द वाचून मारायचे, असा तो प्रकार. जास्वंदीचे फूल स्फटिकाला खिळ्याने ठोकले तर काय होते, ते त्या देशाने पाहिले. स्फटिकच फुटला.

पहिला आक्षेप

यावर कोणी म्हणेल, ‘‘महाराज, जात जर उपाधी, म्हणजे मुळात खोटी, तर तिचे नावच कशाला घ्यायचे? सवलती कशाला, मोजणी कशाला? आजपासून सगळे भारतीय, संपले!’’

हा आक्षेप ऐकायला गोड आहे, पण यात अर्धाच वेदान्त आहे. अंधारात दोरी पडली होती. एकाला ती साप वाटली. तो घाबरून धावला, खड्ड्यात पडला आणि त्याचा पाय मोडला. दिवा आणल्यावर कळले की साप नव्हताच. आता त्याला काय सांगाल? ‘साप खोटा होता, तस्मात् तुझा पायही मोडलेला नाही, ऊठ आणि चालू लाग’? साप खोटा होता, पण मोडलेला पाय खरा आहे. त्याला फळी बांधावीच लागेल. आणि पाय बरा झाला की नाही हे ज्याचा पाय आहे त्याला विचारावे. कडेला उभे राहून पाहणाऱ्याने ते ठरवू नये.

चोखोबांची समाधी पंढरीत महाद्वारासमोर आहे, हे प्रत्येक वारकरी जाणतो. त्या समाधीचे दर्शन घेऊन आपण आत जात होतो. पण त्यांच्याच वंशातल्या, त्यांच्याच वाड्यातल्या माणसाला आत जायची बंदी होती. ती उठावी म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा दार उघडले. म्हणजे चोखोबांच्या मागे सहाशे वर्षे! या सहाशे वर्षांत आपण सगळेच अभंग म्हणत होतो. वारकरी म्हणून ही गोष्ट सांगताना आमची मान खाली जाते, आणि ती जायलाच हवी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला. तीन प्रांतांतले, तीन भाषांतले हे तीन संत, पण दाराबाहेरचे दुःख एकच. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी बजावले की जाती समाजात फूट आणि मत्सर निर्माण करतात, म्हणून त्या राष्ट्राच्या विरोधी आहेत. घटनेच्या उद्देशिकेतला क्रमही लक्षात घ्यावा. तेथे बंधुता सांगताना आधी व्यक्तीची प्रतिष्ठा येते आणि मग राष्ट्राचे ऐक्य. पाया आधी, कळस नंतर. ज्याची प्रतिष्ठा राखली नाही त्याच्याकडे ऐक्य मागणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचे महत्त्व सांगणे होय.

सारांश, नाव घेऊन अन्याय झाला असेल तर नाव घेऊनच तो दुरुस्त करावा लागतो. घटनेने १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि तरी अनुसूचित जातींची यादी ठेवली, यात विसंगती नाही. ती यादी म्हणजे घरावरचा कावळा. कोणाच्या घरी औषध पोचवायचे हे कळण्यासाठी ती आहे.

दुसरा आक्षेप

दुसरा म्हणेल, ‘‘आमच्या समाजाने पंढरीत धर्मशाळा बांधली, मुलांना शिकवले, संताची पुण्यतिथी जपली. हे सगळे सोडायचे काय?’’ मुळीच नाही. त्यांचे उपकार मानावेत. मात्र धर्मशाळेला दार असते आणि तुरुंगालाही दार असते. एकाची कडी आतल्या माणसाच्या हातात असते, दुसऱ्याची नसते. ज्या नावातून माणूस बाहेर येऊन दुसऱ्याच्या पंगतीला बसू शकतो, ते नाव धर्मशाळा. ज्यातून येऊ शकत नाही, तो तुरुंग. भाषेचेही तेच. मराठीचा अभिमान जरूर असावा. पण नामदेवराय पंजाबात गेले तेव्हा तिथल्या लोकांनी ‘हा परप्रांताचा’ म्हणून त्यांना वेशीवर अडवले असते, तर घुमानला त्यांचे स्थान झाले नसते आणि गुरू ग्रंथसाहेबात त्यांची एकसष्ट पदे आली नसती. आपला पांडुरंग पुरंदरदासांनी कानडीत गायिला, म्हणून तो काही आपल्याला कमी मिळाला नाही.

समाजआरतीचा धडा

ऐक्य म्हणजे काय, हे पाहायला फार लांब जायला नको. माउलींच्या पालखी सोहळ्यात प्रत्येक दिंडीला आपला नंबर आहे, आपला विणेकरी आहे, आपली पंगत आहे. कोणी नंबर पुसा म्हणत नाही. संध्याकाळी तळावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. टाळमृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार हातातली काठी उंच करतात आणि एवढा अफाट समाज एका क्षणात शांत होतो. परंतु एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी टाळ वाजवीत राहते. तिला कोणी दटावत नाही, ‘तुझ्यामुळे सोहळ्याचे ऐक्य मोडले’ असे म्हणत नाही. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, मग ते टाळ थांबतात. त्यानंतर समाजआरती होते.

वाचकहो, राष्ट्राच्या ऐक्याची याहून चांगली व्याख्या आम्हाला ठाऊक नाही. आधी गाऱ्हाणे ऐकायचे, मग आरती करायची. ज्याचे टाळ अजून वाजत आहेत त्याला गप्प करून केलेली आरती देवाला पोचत नाही. आणि गाऱ्हाणे ऐकून घेतल्यावरही जो केवळ आपल्या नंबराच्या अभिमानाने टाळ वाजवीत राहील, त्यानेही समजावे की पालखी अवघ्यांची आहे.

आचार

विचार आचारात उतरला नाही तर तो भारच. म्हणून आम्ही स्वतःपुरते काही नेम केले आहेत; पटले तर वाचकांनीही करावेत. संताचे नाव घेताना आधी त्याचे काम सांगावे. जात सांगण्याचे प्रयोजन असेल, म्हणजे त्याच्यावर झालेला अन्याय सांगायचा असेल किंवा मळा, मडके, मूस या त्याच्या धंद्यातून त्याने काढलेला परमार्थ सांगायचा असेल, तरच ती सांगावी, आणि मग ज्ञानोबारायांचीही सांगावी. त्यांनाही त्यांच्या समाजाने वाळीत टाकले होते, हे तेव्हा श्रोत्यांना कळेल. वर्षातून एका तरी अशा संताच्या पुण्यतिथीला जावे, ज्याचा समाज आपला नाही. वाटेत वारकरी भेटला तर त्याचे गाव विचारावे, फड विचारावा, आडनावावरून तर्क करू नये. आणि शिरगणतीचा माणूस दारी आला तर खरे तेच सांगावे. पण तो गेला की ते नाव उंबऱ्याबाहेरच ठेवून घरात यावे.

पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो. कोणाच्या घरच्या लाह्या, कोणाच्या घरचे दही, कोणाचे पोहे. हातावर पडलेल्या घासात कोणाचे काय, हे कोणी शोधीत नाही. मात्र काल्याला येताना प्रत्येकाने आपल्या घरून काहीतरी आणलेले असते. तसे आपापल्या घरचे आणावे आणि काल्यात घालावे. त्या म्हाताऱ्या बाबांची आमची पुन्हा भेट झालेली नाही. झाली तर त्यांना एवढेच सांगायचे आहे, की बाबा, तुमचा प्रश्न आता आम्ही प्रत्येक कीर्तनात आधी स्वतःलाच विचारतो.

रामकृष्णहरी.