एकांकिका आणि स्वगत : नाट्याचा आस्वाद

प्रस्तावना

कथा आपण वाचतो, कविता वाचतो किंवा ऐकतो. नाटक मात्र पाहण्यासाठी लिहिलेले असते. छापील पानावर नाटकाचा केवळ आराखडा असतो. त्या आराखड्यात आवाज, हालचाल, प्रकाश आणि शांतता भरण्याचे काम दिग्दर्शक व नट करतात. ज्याला नाट्यगृहात जाण्याची संधी मिळत नाही, त्या वाचकाला हे काम स्वतःच्या मनात करावे लागते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या अनेक मराठी वाचकांची हीच स्थिती असते.

मोठ्या नाटकात पात्रांचा परिचय होण्यास पुरेसा अवधी असतो. एकांकिकेत तो नसतो. एकच अंक, मोजकी पात्रे आणि एकच प्रसंग किंवा एकाच प्रसंगाभोवती गुंफलेल्या काही घटना एवढ्यावर तिला उभे राहावे लागते. स्वगतात तर एकच पात्र बोलते. म्हणून या दोन्ही प्रकारांत सांगितलेल्या गोष्टींइतकेच न सांगितलेल्या गोष्टींना महत्त्व येते. ते न सांगितलेले कसे ऐकावे, हे या पाठात पाहावयाचे आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
- एकांकिका, स्वगत, नाट्यछटा व एकपात्री प्रयोग यांतील फरक सांगू शकाल;
- रंगसूचना व मौन यांचे नाट्यातील कार्य स्पष्ट करू शकाल;
- बोलणारे पात्र कोणाशी व का बोलते, याचा शोध घेऊ शकाल;
- एखाद्या लघुनाट्याचे रसग्रहण स्वतःच्या शब्दांत लिहू शकाल.

१. एकाच बाजूचे बोलणे

मराठीत एकाच पात्राच्या बोलण्यातून नाट्य उभे करण्याची परंपरा जुनी आहे. शंकर काशिनाथ गर्गे ऊर्फ दिवाकर (१८८९–१९३१) यांनी ‘नाट्यछटा’ हा प्रकार मराठीत रुजवला. इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंग याच्या एकभाषित कवितांपासून त्यांना स्फूर्ती मिळाली होती. नाट्यछटेत एकच व्यक्ती बोलते. समोरच्याचे बोलणे लिहिलेले नसते. ते वाचकाने ओळखावयाचे असते. बोलणारा स्वतःबद्दल जे सांगू इच्छित नाही, तेही त्याच्या बोलण्यातून उघड होते.

पुढील छोटा नमुना या पाठासाठी तयार केला आहे. तो प्रथम मनात व नंतर मोठ्याने वाचा.

*(खेड्यातील घर. संध्याकाळ. फोनची घंटा वाजते. साठीच्या आसपासची आई पदराला हात पुसत येते.)*

आई : कोण? बाळू? बोल रे, ऐकू येतंय. ... हो, जेवण झालं. ... पिठलं-भाकरी. ... गुडघा? आता काही दुखत नाही. ... दिवाळीला? ... बरं. ... अरे, राग कसला त्यात! रजा नाही तर तू तरी काय करणार? ... लाडू? छे, अजून कशाला हात लावलेला नाही. बरंच झालं, आधी कळवलंस ते. ... हो, हो. ठेव तू, बिल वाढतंय. *(फोन ठेवते. थोडा वेळ तशीच उभी. मग लंगडत कोनाड्याकडे जाते. फडक्याने झाकलेला डबा उचलते. झाकण घट्ट बसले आहे का पाहते आणि डबा वरच्या फळीवर मागे सरकवते.)*

या प्रवेशात मुलगा रंगमंचावर येत नाही. त्याचे एक वाक्यही लिहिलेले नाही. तरीही त्याने काय विचारले आणि काय कळवले, हे वाचकाला समजते. ‘दिवाळीला?’ आणि ‘बरं’ या दोन शब्दांमधील विरामात या प्रवेशाचे सारे नाट्य आहे. तेथे मुलगा येणार नसल्याचे सांगतो आणि आई ते ऐकून घेते.

शेवटची रंगसूचना अधिक महत्त्वाची आहे. आई म्हणते, गुडघा दुखत नाही. परंतु ती लंगडत जाते. ती म्हणते, लाडू केलेले नाहीत. परंतु डबा भरलेला आहे. शब्द एक सांगतात आणि कृती दुसरेच सांगते. रंगसूचना गाळून हा प्रवेश वाचला, तर एक समजूतदार आई तेवढी दिसेल. रंगसूचनेसह वाचला, तर तिच्या समजूतदारपणाची किंमत कळेल. म्हणूनच कंसातील मजकूर हा नाटकाचाच भाग मानून वाचावा.

पाठगत प्रश्न १

(अ) नाट्यछटेत समोरच्या व्यक्तीचे बोलणे वाचकाला कसे कळते?
(आ) वरील प्रवेशात आईचे शब्द व कृती यांतील विसंगतीची दोन उदाहरणे द्या.

२. दहा सेकंदांचे स्वगत

स्वगत म्हणजे पात्राने स्वतःशी केलेले भाषण. इतर पात्रांना ते ऐकू जात नाही, प्रेक्षकांना मात्र ऐकू जाते, असा रंगभूमीचा संकेत आहे. या संकेताचा अतिशय परिणामकारक उपयोग विजय तेंडुलकर (१९२८–२००८) यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात आढळतो. हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. त्याचे दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते आणि लीला बेणारे ही भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली होती. पुढे हे नाटक हिंदीसह अनेक भारतीय भाषांत गेले.

नाटक तीन अंकी आहे; परंतु त्यातील अखेरचे स्वगत स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगे आहे. एक हौशी नाट्यसंच प्रयोगासाठी गावात आला आहे. रात्रीच्या प्रयोगापूर्वी वेळ काढण्यासाठी मंडळी खोट्या खटल्याचा खेळ मांडतात. शिक्षिका असलेल्या बेणारेबाईंना आरोपी केले जाते आणि भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. प्रारंभी सारे हसतात. हळूहळू खेळातील प्रश्न तिच्या खऱ्या आयुष्याकडे वळतात. ती अविवाहित आहे आणि गर्भवती आहे, हे उघड केले जाते. तिच्या या स्थितीला जबाबदार असलेला पुरुष तेथे नाही. त्याला कोणी आरोपी करत नाही.

शेवटी न्यायाधीश झालेले काशीकर तिला बाजू मांडण्यासाठी दहा सेकंद देतात. याच क्षणी प्रकाश बदलतो, इतर पात्रे आहेत तशी स्तब्ध होतात आणि बेणारे बोलू लागते. तिचे बालपण, तिची फसवणूक, तिचे प्रेम आणि पोटातील मुलासाठी जगण्याची तिची इच्छा हे सारे ती सांगते. ते संपल्यावर खटला पूर्ववत सुरू होतो. दिलेली मुदत संपली, आरोपीला काही सांगावयाचे नाही, असे मानले जाते.

या रचनेचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. घड्याळाप्रमाणे ते केवळ दहा सेकंदांचे मौन आहे. रंगमंचावर मात्र ते एका स्त्रीचे संपूर्ण निवेदन आहे. न्यायालयाने तिला गप्प पाहिले, प्रेक्षकांनी तिला बोलताना ऐकले. तिची बाजू माहीत असलेली एकमेव मंडळी म्हणजे प्रेक्षक. नाटक संपल्यावर प्रेक्षकाला ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणता येत नाही. चांगले स्वगत ऐकणाऱ्याला साक्षीदार करते, ते असे.

३. एकांकिका : खेळाची शिकार कशी होते

महाराष्ट्रात एकांकिकेच्या वाढीस आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा मोठा हातभार लागला. पुण्याची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून होत आली आहे. अशा स्पर्धांतून अनेक लेखक, दिग्दर्शक व नट घडले.

महेश एलकुंचवार यांची ‘होळी’ ही एकांकिका महाविद्यालयीन वसतिगृहात घडते. केतन मेहता यांनी १९८४ साली तिच्यावर हिंदी चित्रपट केला. होळीच्या दिवशी सुट्टी नाकारली जाते. विद्यार्थी चिडतात, थट्टामस्करीतून दंगा होतो. पुढे एका मुलाने आपली नावे सांगितली म्हणून इतर मुले त्याची विटंबना करतात आणि तो आत्महत्या करतो.

येथे बेणारेच्या खटल्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. दोन्हीकडे प्रारंभ गमतीने होतो, दोन्हीकडे घोळका एकट्याला घेरतो. फरक असा, की बेणारेला स्वगत मिळते. या मुलाला तसा अवसर मिळत नाही. आपले म्हणणे सांगण्यापूर्वीच तो संपतो. एकांकिकेची गती येथे आशयाशी एकरूप झाली आहे. प्रसंग इतक्या वेगाने पुढे जातो, की थांबण्याची जागा कोणती होती हे प्रेक्षकाला नंतर उमगते. रसग्रहण करताना ती जागा शोधावी. कोणत्या क्षणी एकाने जरी ‘पुरे’ म्हटले असते, तर शेवट बदलला असता? या प्रश्नाचे उत्तर शोधताना एकांकिकेची सारी बांधणी उलगडते.

पाठगत प्रश्न २

(अ) बेणारेच्या स्वगताच्या वेळी इतर पात्रे स्तब्ध का राहतात?
(आ) ‘होळी’ आणि ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ यांतील एक साम्य व एक भेद सांगा.

४. एकपात्री प्रयोग

स्वगत आणि एकपात्री प्रयोग एक नव्हेत. एकपात्री प्रयोगात संपूर्ण कार्यक्रम एकच कलावंत सादर करतो. पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’मध्ये एकट्याने सारी चाळ उभी केली. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये पन्नासाहून अधिक व्यक्तिरेखा रंगवल्या. तेथे आवाज, चाल आणि लकब बदलली की पात्र बदलते.

सुषमा देशपांडे यांच्या ‘व्हय, मी सावित्रीबाई’ (१९८९) या प्रयोगात सावित्रीबाई फुले स्वतःची जीवनकथा सांगतात. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाल्यावर सोसलेला समाजाचा विरोध पुस्तकात माहितीच्या रूपाने भेटतो. ‘मी’ म्हणून तो सांगितला जातो, तेव्हा ऐकणाऱ्याला सांगणारीच्या डोळ्यांत पाहावे लागते.

५. रसग्रहण कसे करावे?

- कोण बोलते, कोणाशी बोलते आणि याच क्षणी का बोलते, हे पाहावे.
- रंगसूचना वाचून शब्द व कृती यांचा मेळ बसतो का, हे तपासावे.
- विराम कोठे आहेत, ते खुणेने दाखवून उतारा मोठ्याने वाचावा.
- जे पात्र बोलत नाही किंवा रंगमंचावर येत नाही, त्याचा विचार करावा.
- अखेरीस प्रेक्षकावर कोणती जबाबदारी येते, हे स्वतःच्या शब्दांत लिहावे.

तुम्ही काय शिकलात?

एकांकिका आणि स्वगत यांचा आकार लहान असला, तरी त्यांचा अनुभव लहान नसतो. थोडक्या अवकाशामुळे प्रत्येक शब्दाला, हालचालीला आणि शांततेला अर्थ येतो. ज्यांचे म्हणणे भोवतालच्या माणसांनी ऐकले नाही, त्यांचे म्हणणे ऐकण्याची संधी हे नाट्यप्रकार देतात. ते लक्षपूर्वक ऐकणे हाच नाट्यास्वाद होय.

पाठान्त प्रश्न

१. एकांकिका व मोठे नाटक यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘चांगले स्वगत ऐकणाऱ्याला साक्षीदार करते.’ या विधानाची चर्चा करा.
३. पाठातील नमुना प्रवेश मुलाच्या बाजूने लिहा. आईचे बोलणे लिहू नका. ते विरामांतून कळू द्या.
४. तुमच्या परिसरात थट्टेचे रूपांतर छळात झालेला एखादा प्रसंग कल्पून त्यावर एका पात्राचे स्वगत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) बोलणाऱ्याच्या उत्तरांवरून, प्रतिप्रश्नांवरून व विरामांवरून. (आ) गुडघा दुखत नाही म्हणते, पण लंगडते. लाडू केले नाहीत म्हणते, पण डबा भरलेला आहे.
२. (अ) तिचे म्हणणे त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, ते केवळ प्रेक्षकांसाठी आहे, हे दाखवण्यासाठी. (आ) साम्य : गमतीतून घोळका एका व्यक्तीचा छळ करतो. भेद : बेणारेला स्वगतातून बोलता येते, ‘होळी’तील मुलाला तसा अवसर मिळत नाही.